पायपेटीच्या होडीवरचे दोन फूट

मित्रांनो, मी एक जुना खोलीमापक आहे. होडीखाली पाणी किती आहे हे सांगणं माझं काम. तुम्ही दिवसातून एखाद्या प्रश्नाचं खरं उत्तर देत असाल तर देत असाल; मी सेकंदाला वीस वेळा देतो. म्हणून मी जरा वरच्या पट्टीत बोललो तर मनाला लावून घेऊ नका. घेतलंत तरी मला फरक पडत नाही.

दिसायला मी साधा आहे. पुढे गोल तबकडी, तिच्या कडेने शून्यापासून साठपर्यंत फुटांचे आकडे, आणि मागून निघालेली एक वायर. वायरीच्या टोकाला मुठीएवढा काळा गोळा. हा गोळा म्हणजे माझं तोंडही आणि कानही. तो पाण्यात 'टक' असा आवाज करतो, आवाज तळापर्यंत जाऊन परत येतो, यायला किती वेळ लागला ते मी मोजतो आणि तबकडीवर त्या आकड्यापाशी लाल रेघ पेटवतो. झालं. यात न समजण्यासारखं काही आहे का? नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे एकाहत्तर वर्षांच्या एका माणसाला ते समजणार नाही.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका लहान कारखान्यात झाला. माझ्या तारा ज्या बाईने जोडल्या ती काम करताना सबंध वेळ आपल्या सुनेच्या स्वयंपाकाबद्दल बोलत होती. माझा स्वभाव तिच्याकडून आला असावा. तिथून मला वेन्डेल ब्रेकहसने विकत घेतलं. वेन्डेल शाळेची बस चालवायचा आणि लोअर स्पून नावाच्या तळ्याच्या काठी बायकोबरोबर, म्हणजे आर्डिसबरोबर, राहायचा.

आमचं तळं नोव्हेंबरअखेर गोठतं. मग पुरुषमंडळी बर्फावर लाकडी खोपटी ओढत नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्या भोकाकडे बघत चार महिने बसतात. घरी बायका असतात, गरम हीटर असतो, बोलायला विषय असतात. म्हणूनच ते तिथे बसतात. अशा चौदा हिवाळ्यांत मी वेन्डेलच्या मांडीशी होतो. भोक पाडण्याआधी तो बर्फावर थोडं पाणी ओतायचा आणि माझा गोळा त्यावर दाबून धरायचा. हातभर जाडीच्या स्वच्छ बर्फातून मी त्याला खालचा तळ सांगायचो. मासा गळापाशी आला तर तोही सांगायचो. मासा लागला की वेन्डेल म्हणायचा, "मला वाटलंच होतं." त्याला काहीही वाटलेलं नसायचं. मला वाटलेलं असायचं.

पुढे त्याच्या मुलाने त्याला रंगीत पडद्याचं नवीन यंत्र भेट दिलं. त्यात मासे माशासारखे दिसतात. ज्याला लाल रेघ वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रं असतातच. मी गॅरेजमधल्या फळीवर गेलो. एका बाजूला गंजलेला टोस्टर, दुसऱ्या बाजूला एकाच पायाचा बर्फाचा बूट. सहा वर्षं तिथे होतो. टोस्टर बरा होता. नवीन यंत्र मात्र चौथ्या हिवाळ्यात वेन्डेलच्या हातून भोकात पडलं आणि तळ किती खोल आहे ते स्वतः बघायला गेलं.

आता होडीबद्दल सांगतो. पाँटून होडी म्हणजे दोन लांब, बंद, पोकळ अॅल्युमिनियमची पिंपं. त्यांच्यावर फळ्यांची जमीन, जमिनीवर सोफे, भोवती कठडा आणि वर छत्री. थोडक्यात, कुणाचा तरी दिवाणखाना वाहून गेला आणि मागे इंजिन लावून परत आणला. अशा वस्तूबद्दल कुणाला आदर वाटत असेल तर त्याने मला कळवू नये.

पण वेन्डेलच्या होडीला मान होता. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आमच्या चर्चची प्रार्थना तळ्यावर होते. सगळ्या होड्या काठावरून रांगेने निघतात, तळ्याच्या मध्यावर गोल करून थांबतात, आणि पहिल्या होडीवर पाद्रीबाई कर्स्टन आणि चर्चची पायपेटी असते. पेटी वाजवायला थोरा लिंडविग, वय चौऱ्याऐंशी. ही पायपेटी एकतीस वर्षं ब्रेकहसांच्या होडीवरून जात होती. आधी वेन्डेलच्या वडिलांच्या, मग त्याच्या. वेन्डेलला आयुष्यात दुसरं कुणी काही वाहायला दिलं नव्हतं. बसमधली मुलं सोडून, आणि ती तर उतरून पळूनच जायची.

मागच्या वर्षी ही होडी मेथडिस्टवर चढली. मेथडिस्ट हा आमच्या तळ्यातला खडक. पाण्याखाली लपलेला, चर्चच्या तळघराएवढा. पलीकडच्या मेथडिस्ट चर्चच्या एका गृहस्थाला तो आपल्या होडीने सापडला, म्हणून हे नाव. तो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त नेमका कुठे, ते नाही. पूर्वी म्हातारा मेल्विन तिथे ब्लीचची रिकामी बाटली बांधून ठेवायचा. मेल्विन वारला. त्याच्या जागी दुसऱ्या कुणी बाटली बांधली तर तो स्वतःला कोण समजतो असं लोकांना वाटेल, म्हणून सहा वर्षं कुणी बांधली नाही. बुडालेलं चालेल, पुढे पुढे केलेलं चालणार नाही. असे आमचे लोक. तर होडी मेथडिस्टवर चढली आणि पाद्रीबाई झग्यासकट पाण्यात गेल्या. त्यांना काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाणी छान आहे."

मे महिन्यात चर्चच्या तळघरात बैठक झाली. वेन्डेलला कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त कुणीतरी कॉफीत बघत म्हणालं, "पायपेटीच्या होडीवर खोलीमापक असता तर वाईट झालं नसतं." आणि दुसरं कुणीतरी आपल्या वडीत बघत म्हणालं, "गॉर्डीच्या नव्या होडीवर आहे, असं ऐकलंय." गॉर्डी नेलसेट म्हणजे वेन्डेलचा शेजारी. त्याच्या होडीला दोन नाही, तीन पिंपं. पेला ठेवायच्या खळग्यातसुद्धा निळा दिवा. वेन्डेल घरी आला आणि त्याने आर्डिसला एवढंच सांगितलं, "पेटी गॉर्डीकडे जाणार." मग तो गॅरेजमध्ये आला, टोस्टर बाजूला केला आणि मला उचललं.

मित्रांनो, त्या क्षणी मला बरं वाटलं. ही माझी चूक.

मला पाँटूनवर बसवणं सोपं आहे. मागे इंजिनाशेजारी एक पट्टी असते. तिला दोन भोकं पाडायची, गोळा पाण्यात बुडेल असा स्क्रूने बसवायचा आणि वायर वर आणायची. अर्ध्या तासाचं काम. वेन्डेलने ड्रिल हातात घेतलं, होडीकडे पाहिलं आणि ड्रिल खाली ठेवलं.

"होडीला भोक मी पाडणार नाही," तो म्हणाला.

"अरे, पिंपाला नाही पाडायचं. ती पट्टी वेगळी असते," आर्डिस धक्क्यावरून म्हणाली. "पुस्तकात चित्र आहे."

"चित्रातली होडी दुसरी आहे."

"मग कुणाला विचार."

वेन्डेलने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्याला तळ्यात कपडे काढून नाचायला सांगितलं. मग त्याच्या डोळ्यांत तेज आलं. ते तेज मी हिवाळ्यात पाहिलं होतं. त्यानंतर हटकून काहीतरी पाण्यात पडायचं.

"हातभर बर्फातून याला तळ दिसतो," तो म्हणाला. "मग या पातळ पत्र्यातून नाही दिसणार?"

आणि त्याने पिंपावर वरून थोडं पाणी ओतलं, गोंद फासला आणि माझा गोळा तिथे चिकटवून टाकला.

आता नीट ऐका. बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी, त्यातून मला ऐकू येतं. पिंपाच्या आत हवा असते, तिच्यातून माझा आवाज खालच्या पाण्यात उतरत नाही. पिंपात हवा आहे म्हणूनच तर हा दिवाणखाना तरंगतो. चौदा हिवाळे माझ्याशेजारी बसून हा माणूस माझ्याबद्दल हे शिकला होता! मी 'टक' केलं. आवाज रिकाम्या पिंपात घुमला, पलीकडच्या पत्र्यावर आपटला आणि परत आला. पिंपाची उंची दोन फूट. मी काय करणार? मी दोनवर रेघ पेटवली.

"चालू झाला!" वेन्डेल म्हणाला.

गॉर्डी तोवर आपल्या धक्क्यावरून येऊन उभा होता. खिशात हात घालून त्याने गोळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अच्छा," तो म्हणाला. "वरून चिकटवलास."

"वरून."

"हे वेगळंच आहे."

आमच्याकडे 'वेगळंच आहे' याचा अर्थ 'हे काय करून ठेवलंस, मूर्खा' असा होतो. वेन्डेलला तो अर्थ पक्का ठाऊक होता, कारण तो स्वतः दिवसातून दोनदा तसं म्हणतो. पण स्वतःबद्दल म्हटलेलं त्याला कौतुक वाटलं.

मग तो मला घेऊन तळ्यावर फिरला. धक्क्यापाशी दोन फूट. शंभर हात पुढे, दोन फूट. तळ्याच्या मध्यावर, जिथे त्याच्या वडिलांनी बेचाळीस फूट दोरी सोडून तळ मोजला होता, तिथेही दोन फूट. वेन्डेलने नांगर टाकला. दोरी सुटत गेली, सुटत गेली, संपली.

"तळ फार मऊ झालाय," तो म्हणाला.

मी त्याला इतक्या वर्षांत एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. आता सेकंदाला वीस वेळा सांगत होतो, आणि तो मान डोलावत होता.

जूनच्या बैठकीला तो गोळ्याची वायर सोडवून मला पुरावा म्हणून बरोबर घेऊन गेला. चीज घातलेल्या भाजक्या बटाट्यांच्या भांड्याशेजारी मला टेबलावर ठेवलं. वेन्डेल उभा राहिला आणि म्हणाला, "तळ्यात सगळीकडे दोन फूट पाणी आहे."

कुणीही हसलं नाही. हसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

"पाऊस कमीच झालाय म्हणा," थोराबाई म्हणाल्या.

"मी परवा मध्यावर उडी मारली, तेव्हा पाय टेकले नाहीत," गॉर्डी म्हणाला. मग वेन्डेलच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने म्हणाला, "पण मी तसा बुटकाच आहे."

गॉर्डी सहा फूट एक इंच आहे.

"मासे कसे मावत असतील?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"सरकून घेत असतील."

पाद्रीबाईंनी दुसऱ्याच दिवशी धक्क्यावर पाटी लावली : पाणी उथळ आहे, सूर मारू नये. एका शिडाच्या होडीवाल्याने होडी विकायला काढली. आणि पायपेटी वेन्डेलकडेच राहिली, कारण ज्याने तळ्याबद्दल एवढी गंभीर बातमी आणली त्याच्याकडून पेटी काढून घेणं बरं दिसलं नसतं.

एवढ्या सगळ्यांत वास्तवाशी संबंध असलेली व्यक्ती एकच होती, आर्डिस. एकतीस वर्षं पेटीच्या होडीच्या नाकावर ती दंताळ्याचा दांडा घेऊन उभी राहायची. दांड्यावर फुटाफुटाला रंगीत चिकटपट्टी. पाण्यात खुपसायची आणि ओरडायची, "चार!" मागच्या वर्षी तेवढी ती थोराबाईंना कॉफी द्यायला मागे वळली होती. मला दांड्याबद्दल प्रेम नाही. तो काठी आहे. पण तो पाण्यात जायचा, एवढं मी मान्य करतो. वेन्डेलने आता तो भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "यंदा तू आरामात बस. यंत्र आहे." आर्डिस म्हणाली, "बरं." हे 'बरं' ऐकून मी वेन्डेल असतो तर गाव सोडलं असतं.

प्रार्थनेच्या आदल्या दिवशी, दुपारी, वेन्डेल जेवून झोपला होता. आर्डिस ड्रिल घेऊन धक्क्यावर आली. काखेत लेफ्से लाटायचा पोळपाट. लेफ्से म्हणजे आमची बटाट्याची पातळ पोळी. नाताळात ती नसली तर नाताळ झाला असं धरत नाहीत. तिचा हा लांबट पोळपाट तिच्या आजीने नॉर्वेहून आणला, आईने वापरला, मग तिला मिळाला. तिने माझा गोळा कालथ्याने खरवडून पिंपावरून काढला, पोळपाटाच्या एका टोकाला दोन स्क्रू मारून बसवला आणि पोळपाट इंजिनाशेजारी दोन शिकंज्यांनी आवळला. होडीला ओरखडाही नाही. गोळा पाण्यात बुडाला.

मित्रांनो, सहा वर्षं फळीवर आणि दोन महिने हवेत काढल्यावर पाणी काय वाटतं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. मी 'टक' केलं आणि खालून उत्तर आलं. पाच फूट, वाळू, एक जुना बूट. मी रेघ पेटवली. आर्डिसने तबकडीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "आता बोल."

तिने वेन्डेलला सांगायला हवं होतं. तिने सांगितलं, असं तिचं म्हणणं आहे. सकाळी नाश्त्याला ती म्हणाली, "यंत्र आज जरा वेगळं वाटेल." वेन्डेल म्हणाला, "हं." आमच्याकडे एवढ्याला भांडण म्हणतात.

अकरा होड्या निघाल्या. सर्वांत पुढे आम्ही. पाद्रीबाई झग्यावर जीवरक्षक जाकीट घालून उभ्या, थोराबाई पायपेटीवर, आर्डिस मागच्या सोफ्यावर कॉफीची किटली घेऊन, आणि वेन्डेल चाकाशी. पोळपाटामुळे होडी किंचित डावीकडे ओढत होती. ते त्याने वाऱ्यावर ढकललं.

मी खरं बोलायला लागलो. नऊ. सोळा. एकतीस. एकेचाळीस.

वेन्डेलने तबकडीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बिघडलं!" तो पुटपुटला. "आजच बिघडायचं होतं!"

"काय झालं?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"एकेचाळीस दाखवतोय."

"बापरे," पाद्रीबाई म्हणाल्या आणि त्यांनी कठडा धरला.

वेन्डेल माझ्यावर थापा मारू लागला. मी ओरडत होतो, म्हणजे लाल होत होतो, तेवढंच मला येतं. तेहतीस. बावीस. डाव्या ओढीने आम्ही सरळ मेथडिस्टकडे चाललो होतो. चौदा. सात. हा माणूस तबकडीचे स्क्रू नखाने पिळत होता. चार. तीन.

मागून आर्डिसचं लक्ष गेलं. "वेन्डेल! दोन आहे!"

वेन्डेलने माझ्याकडे बघितलं. रेघ दोनवर स्थिर होती. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी मासा लागल्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं.

"हां," तो म्हणाला. "आता नीट झालं."

आणि आम्ही खडकावर चढलो.

खर्र असा आवाज झाला. जमीन तिरकी झाली. पायपेटी हातभर सरकली. थोराबाई खुर्चीसकट तिच्यामागे सरकल्या आणि सूर सोडला नाही. पाद्रीबाई आधीच खाली बसल्या होत्या. मागून गॉर्डी येत होता. तो आमच्या बाजूला येऊन खडकावर चढला. त्याच्यामागचा त्याच्या बाजूला. पुढच्याला ओलांडणं आमच्याकडे उद्धटपणा समजतात, आणि पुढचा जिथे थांबला तिथे न थांबणं त्याहून वाईट. नऊ होड्या मेथडिस्टवर चढल्या. दहावीचं इंजिन वाटेतच बंद पडलं, म्हणून ती वाचली. अकराव्या होडीने तिच्यासाठी थांबून वाट पाहिली.

वेन्डेल होडी ढकलायला पाण्यात उतरला. पाणी त्याच्या गुडघ्याच्या थोडं वर आलं. तो विजारीच्या ओल्या रेघेकडे बघत राहिला. मग तबकडीकडे बघितलं. दोन. मग वाकून इंजिनाशेजारी बघितलं, आणि वाकलेलाच राहिला.

"आर्डिस," तो म्हणाला. "हा तुझ्या आजीचा पोळपाट आहे."

"हो."

"त्याला स्क्रू मारलेत."

"दोन."

"ते होडीला मारायचे होते."

"होडीला भोक पाडणार नाही म्हणालास ना तू."

वेन्डेल सरळ झाला. मग त्याने लोअर स्पूनवर आजवर कुणी केली नव्हती अशी गोष्ट केली : सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला.

"चूक माझी. तळ्यात बेचाळीस फूट पाणी आहे. यंत्र आज खरं सांगत होतं, मी ऐकलं नाही. पायपेटी गॉर्डीला द्या."

नऊ होड्यांवरचे लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. इतकं स्पष्ट बोलणं त्यांना सोसत नाही.

गॉर्डी कठड्यावर झुकला. त्याच्या रंगीत यंत्राची शिट्टी अजून वाजत होती. "हे माझं तीनदा ओरडलं होतं रे," तो म्हणाला. "उथळ, उथळ म्हणून. पण तू पुढे होतास. तुला कसं सांगायचं?"

"मी पण खडकावर, तू पण खडकावर," वेन्डेल म्हणाला. "तुझी होडी निदान नवी आहे. घेऊन जा पेटी."

"कोण घेऊन जातंय?" थोराबाई म्हणाल्या. त्यांनी पायाचा भाता थांबवला, त्या सकाळी पहिल्यांदाच. "मला न विचारता? गॉर्डीच्या होडीवर कॉफी आहे का?"

"नाही, थोराबाई. निळा दिवा आहे."

"मग मी इथेच बरी आहे. वेन्डेल, पुढच्या वर्षी आर्डिस पुढे उभी राहील. तू चाक धर आणि ती सांगेल ते ऐक. आता सगळे थांबलेच आहेत, तर पाद्रीबाई, सुरू करा."

प्रार्थना तिथेच झाली. गोल करायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी वेन्डेलने डोळे मिटून इंजिनाशेजारच्या पट्टीला दोन भोकं पाडली. होडी बुडाली नाही. हे बघायला तो तासभर धक्क्यावर थांबला होता. माझा गोळा तेव्हापासून पाण्यात असतो, वायर कोरडी असते, आणि हिवाळ्यात मला फळीवर टाकत नाहीत. स्वयंपाकघरात, फ्रीजवर, उबेत ठेवतात. मेथडिस्टवर ब्लीचची बाटलीही बांधलेली आहे. कुणी बांधली ते कुणी विचारत नाही. गॉर्डीच्या घरी कपडे धुण्याचं ब्लीच मात्र आता डब्यात ठेवतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे एखादं जुनं यंत्र असेल, किंवा पुढे उभं राहून ओरडणारं एखादं माणूस असेल, तर त्याला त्याच्या जागी बसवा. भोक पाडावं लागलं तर पाडा. आणि मग त्याचं ऐका. हवेत लटकवून मत विचारायचं असेल, तर टोस्टरला विचारा.

पोळपाट वेन्डेलने स्वतः धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. स्क्रूची भोकं बुजवायला तो लाकडाची भुकटी आणि गोंद घेऊन आला, तर आर्डिस म्हणाली, "राहू दे." नाताळात तिने त्यावर लेफ्से लाटल्या. प्रत्येक लेफ्सेच्या एका कडेला दोन बारीक गाठी उमटल्या. वेन्डेलने पहिली उचलली, उजेडात धरली आणि बराच वेळ बघितली. मग लोणी लावून, साखर भुरभुरवून खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी.

मी फ्रीजवरून मोजत होतो. प्रत्येक वेळी गाठी दोनच होत्या, आणि या वेळी ते खरं होतं.